तेवीस पाहुणे आणि एक फुलगाठ

मांजर चावल्याच्या निमित्तानं सरकार घरी येईल, असं यान्तिनाकाकूंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण उजव्या हाताची जखम चिघळली, तिच्यात एरवी घशाला होणाऱ्या घटसर्पाचे जंतू सापडले आणि आज आरोग्य खात्याची नर्स वीत्स्के कागद घेऊन दिवाणखान्यात हजर झाली.

"गेल्या आठवड्यात तुमच्या अगदी जवळ कोण कोण आलं, काकू? लागण पसरते, म्हणून संध्याकाळच्या आत यादी वर कळवायची आहे."

"रविवारी माझा वाढदिवस झाला!" काकू फुशारकीनं म्हणाल्या. "तेवीस पाहुणे. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाचे गालावर तीन-तीन मुके!"

वीत्स्केनं कपाळाला हात लावला. काकूंनी तिथल्या पद्धतीनं संडासात टांगलेलं, सगळ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर काढून आणलं आणि नावं धडाधड सांगितली.

"चौदा मार्चचं नाव का खोडलंय?"

"मेली ती."

"अरेरे! कधी?"

"नऊ वर्षं झाली. समोरच राहते."

ती म्हणजे थोरली बहीण हिलिख्ये. आईच्या कपाटावरून दोघींचं वाजलं आणि गावात दोन तट पडले. दर गुरुवारी हिलिख्ये मागच्या दारानं कॉफीला येते, हे मात्र दोन्ही तटांना ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं ताठ मानेनं चालवलेलं भांडण खोटं निघालं तर गावात तोंड कुठे दाखवायचं?

वीत्स्के काकूंच्या मनगटाकडे बघत होती. "एकट्या राहता ना? मग ही पट्टी कुणी बांधली?"

"मीच."

"डाव्या हातानं? इतकी सुबक फुलगाठ? पुन्हा बांधून दाखवा बरं."

काकूंनी गाठ सोडली. डावा हात आणि उरलेसुरले दात पणाला लावून पाहिले, पण पट्टी लोंबतच राहिली.

"जखमेला हात लावणारं माणूस मला आधी हवं," वीत्स्के म्हणाली. "या जंतूंचं विष हृदयावर जातं, काकू. गोळ्या आजच सुरू केल्या तर धोका टळेल."

काकूंची नजर समोरच्या घराकडे गेली. हिलिख्येचं हृदय मुळातच नाजूक होतं.

"समोर जा," त्या पुटपुटल्या. "माझं नाव सांगू नका."

पाच मिनिटांत वीत्स्के परतली. "त्या म्हणतात, नऊ वर्षांत तुमचं तोंड पाहिलं नाही. गोळ्याही नकोत म्हणे."

"बघा! मी सांगत नव्हते?" काकू ऐटीत म्हणाल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

"दार लावताना मात्र विचारत होत्या, आज पट्टी कोण बदलणार म्हणून."

काकू ताडकन उठल्या. घराबाहेर पडायला मनाई होती, म्हणून त्यांनी रस्त्यावरची खिडकी सताड उघडली.

"ताई! नाटकं पुरे, मुकाट्यानं गोळ्या घे! तू गेलीस तर दर गुरुवारी मी भांडू कुणाशी?"

आळीतले सगळे पडदे हलले. दोन्ही तट खिडक्यांत जमा झाले. काकूंचे डोळे भरून आले.

मग समोरची खिडकी बोटभर उघडली.

"जेवणाआधी की नंतर, ते विचार तिला!"