हात सोडून उभे राहा

मी वजनकाटा बोलतोय. दुकानात धान्य मोजणारा नव्हे; डायलिसिसच्या खोलीत, खिडकीखाली भिंतीला लागून पडलेला. दिवसभर लोक माझ्यावर उभे राहतात. खरं सांगतो, दमलोय आता.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या व्यायामशाळेत जाईन, वजन घटलं म्हणून लोक माझ्यावर नाचतील. आलो इथे. इथे येणाऱ्यांच्या किडन्यांनी काम सोडलेलं असतं, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. आधी माझ्यावर चढायचं, मी सांगेन त्यावरून किती पाणी काढायचं ते ठरतं, मग मशीन ते काढतं. जास्तीचं पाणी आत राहिलं की सगळा ताण हृदयावर येतो. एवढी जबाबदारी माझ्यावर, आणि मान काय, तर फरशी पुसणाऱ्या मावशींच्या फडक्याचा एक फटका.

माझ्या आकड्याचा माणसांना भारी धाक. कुणी चष्मा काढून ठेवतं, कुणी किल्ल्या. एकजण तर कवळी काढायला निघाले होते. आताशा मला हसूही येत नाही.

शिंपीकाका त्यातलेच. आयुष्यभर मशीनवर वाकून कपडे शिवले, ती पाठ अजून वाकलेलीच. सोबत काकू. भाज्या उकळून पाणी फेकणार, मीठ नावापुरतं घालणार आणि स्वतःही तेच बेचव जेवणार. काका चढले की काकू वाकून आकडा वाचायच्या. जास्त दिसला की त्यांचा चेहरा पडायचा. शिवाय मशीननं पाणी जास्त ओढलं की काकांच्या पोटऱ्यांत गोळे यायचे.

मग काकांनी युक्ती काढली. तोल जातोय असं दाखवून खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकायचा. थोडा भार कट्ट्यावर, उरलेला माझ्यावर. म्हातारं माणूस आधार घेतंय, कुणाला संशय येणार? माझ्यावर जेवढं येतं तेवढंच मी सांगू शकतो.

आकडा छान यायला लागला, काकू खूश. पण काकांचे पाय सुजले. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशीवर उशी रचून बसल्याबसल्या झोप काढायचे. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "हृदय थकत चाललंय तुमचं. वजन तर ठीक दिसतंय, मग ही सूज कुठून?"

"हा काटाच बिघडलाय," काकू म्हणाल्या.

झालं! बिल माझ्यावर फाटलं. टेक्निशियन ताईंनी माझे सेल बदलले, माझ्यावर पाण्याचा कॅन ठेवून पाहिला. त्याचं वजन अगदी बरोबर आलं. इतकी वर्षं ओझी वाहून हे बक्षीस! वाईट वाटलं. काका मान खाली घालून उभे होते, त्यांचं त्याहून वाईट वाटलं.

मग एका सकाळी मावशींनी फरशी धुतली आणि मला खोलीच्या मधोमध सरकवून ठेवलं. काका चढले. सवयीनं हात बाजूला गेला, पण तिथे कट्टा नव्हता. ताईंनी दंड धरून सावरलं आणि मग सोडलं. मी आकडा सांगितला.

"अगं बाई!" काकूंचा आवाज चढला. "दोन दिवसांत एवढं? किती पाणी ढोसलंत?"

"दोन दिवसांतलं नाही गं," काका म्हणाले. "मी नेहमी एवढाच असतो. कट्टा धरत होतो."

"का पण?"

"तू माझ्यापायी अळणी खातेस, आणि मी तोंड धुताना नळाला तोंड लावतो. कसं सांगू तुला?"

काकू मटकन बाकावर बसल्या. "पोट आत ओढून माप देणाऱ्या गिऱ्हाईकाला काय म्हणायचात तुम्ही? श्वास सोड, नाहीतर सदरा तुलाच घट्ट होईल! दुकानभर ओरडायचात. आणि आता?"

काका हसले आणि हसताहसता रडायला लागले. अंग थरथरत होतं, माझा आकडा खालीवर होत होता. ताईंनी घाई केली नाही.

साठलेलं सगळं पाणी त्या दिवशी काढलं नाही. एकदम ओढलं तर तेही हृदयाला झेपत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता काका मशीनवर जास्त वेळ बसतात, आठवड्यात एक फेरी जादा मारतात. धाप कमी झालीय. हृदय मात्र पूर्वीसारखं झालेलं नाही. उशीर झाला तो झालाच.

हल्ली काका चढताना काकू मुद्दाम दाराकडे तोंड करून बसतात. काल काकांनीच हाक मारली, "इकडे ये. आज जास्त आहे, बघून घे."

काकू आल्या, वाकल्या, आकडा वाचला. "असू दे," म्हणाल्या, "चला, खुर्चीत बसा."

माझी एक बाजू चिरलीय, आकडा अर्धाच उजळतो. नवा काटा येणार असं कानावर आलंय. येऊ दे, मलाही विश्रांती हवी आहे. जाताना एवढंच मागतो, त्याच्यावर चढाल तेव्हा दोन्ही हात सोडून उभे राहा. आकडा जास्त आला तर येऊ द्या, आणि घरच्या माणसाला बघू द्या.