पलीकडचा कॉक

शेजारच्या घरी जाणाऱ्या गॅसच्या नळीचा कॉक बंद करायला रंजना वाकली, तेव्हा तिचा नवरा यमाजी म्हशी चरायला सोडून नुकताच परतला होता. त्याने तिचा हात धरला नाही, पण "राहू दे," म्हणताना आवाज असा काही लागला की तिने आपणहून हात मागे घेतला.

शेणव्यात, त्यांच्या गावी, ही गोबरगॅसची टाकी यमाजीने बांधली, परदेशातून कायमचा परतल्यावर. शेण मात्र दोन घरांचं. शेजारच्या चुलतभावाने, लडकूने, आपल्या चार गुरांचं शेण आणून टाकायचं आणि नळ्यांनी गॅस दोन्ही घरी जायचा. सात वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग मोजणी झाली, लडकूच्या परसातली दीड हात जागा यमाजीची निघाली, आणि दुसऱ्या दिवसापासून लडकूचं शेण बंद झालं. त्याला पंधरा दिवस झाले. रंजनाच्या शेगडीवर भात शिजता शिजेना.

"शेण त्याचं बंद, मंग आपला गॅस चालू कशाला?" तिने हे पलीकडे ऐकू जाईल असंच म्हटलं.

"सून बाळंतीण हाय गो त्याची. पोराला पाणी कशावर तापवतील?"

पण खरं कारण वेगळं होतं आणि रंजनाला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आखातात एकोणीस वर्षं यमाजी गॅसच्या लाइनवर व्हॉल्व्ह सांभाळत होता. ती लाइन शेजारच्या देशात जायची. एका वर्षी दोन्ही देशांचं बिनसलं. विमानं थांबली, रस्ता थांबला. यमाजी रोज गॅस तोडायच्या हुकमाची वाट बघत व्हॉल्व्हपाशी उभा राहायचा. हुकूम आलाच नाही. तिकडच्या घरांतले दिवे आपल्या गॅसवर आहेत, भांडण वेगळं आणि दिलेला शब्द वेगळा, असं साहेबाने सांगितलं होतं. अभिमान बाळगावा असं यमाजीच्या आयुष्यात एवढंच होतं.

त्या संध्याकाळी रंजनाने शेगडी पेटवली आणि ज्योत वीतभर उसळली. ती हरखली. यमाजी मात्र तसाच उठला. पलीकडे कुणी घेत नसलं की लाइनीत दाब चढतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो परसात गेला. लडकूच्या भिंतीपाशी नळीच्या तोंडात चिंधी गुंडाळलेली खुंटी ठोकलेली होती. कौलांतून धूर निघत होता, आत लडकूची सून शीतल खोकत होती, बाळ रडत होतं. लडकू बाहेर चुलीसाठी लाकडं फोडत होता.

"मी कॉक बंद नाय केला रे," यमाजी म्हणाला.

"ठावं हाय." लडकूने कुऱ्हाड खाली ठेवली. "शेण देत नाय, तर गॅस कुठल्या तोंडानं घेऊ?"

यमाजी परत आला. रंजनाने पुढे ठेवलेला चहा तसाच निवून गेला. आता तरी बंद करू का, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने नको म्हणून मान हलवली.

नळीत पाणी साठलं की गॅस अडतो, म्हणून रोज सकाळी यमाजी दोन्ही नळ्यांचं पाणी काढायचा. दुसऱ्या दिवशीही त्याने आधी आपल्या नळीचं काढलं. मग खुंटी मारलेल्या लडकूच्या नळीपाशी बसला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बसून राहिला.