कपाळावरचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी आडोसा आहे. आडोसा म्हटलं की तुम्हाला न्हाणीपुढं टांगलेलं तरट आठवेल, पण मी तसला नाही. मी तीन फळ्यांचा, बिजागऱ्यांवर दुमडणारा, टेबलावर उभा राहणारा आडोसा आहे. माझ्यामागं एक बाई बसायची आणि गोष्ट सांगायची. पुढं चार-पाच जण बसायचे आणि त्या गोष्टीत शिरायचे. आता मी उदगीरच्या एका आडत दुकानात, जिन्याखाली, रिकाम्या पोत्यांमागं उभा आहे. माझ्या कपाळावर एक दरवाजा आहे आणि तो काही केल्या जात नाही. त्या दरवाजाची ही हकीकत आहे.

पूर्वी मी आडोसा नव्हतोच. बसलिंगप्पांच्या या दुकानाला तेव्हा लोखंडी शटर नव्हतं. सकाळी एकेक फळी काढायची, संध्याकाळी एकेक फळी खाचेत सरकवायची. त्यातल्या तीन फळ्या म्हणजे मी. तुरीचा, हरभऱ्याचा वास अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. शटर आलं आणि आम्ही बिनकामाचे झालो. बाकीच्या फळ्या बंबात गेल्या. माझीही पाळी आलीच होती, पण जगदेवीनं मला बाजूला काढलं.

जगदेवी ही बसलिंगप्पांची मुलगी. लातूरला एका शिकवणी वर्गात ती भौतिकशास्त्र शिकवते आणि रविवारी घरी येते. तिचा चुलतभाऊ रुद्रेश पुण्याला शिकायला होता, तिकडून त्यानं एक खेळ आणला. ‘सात दरवाजे’ त्याचं नाव. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. कुणी वैदू, कुणी चोर, कुणी पाटलीण. एखादं अवघड काम जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणारा आपला फासा आडोशामागं टाकतो, म्हणजे पुढं काय वाढून ठेवलंय ते कुणाला दिसू नये. तो आडोसा व्हायला जगदेवीनं मला निवडलं. मित्रांनो, बंबातून टेबलावर आलो मी! मला किती अभिमान वाटला असेल, विचार करा.

खेळाची कंपनी लांबच्या मोठ्या शहरातली. तिनं तेव्हा जाहीर करून टाकलं होतं की आमचे नियम सगळ्यांना मोकळे. तुम्ही तुमची गावं वसवा, तुमच्या गोष्टी रचा, खुशाल छापा. याला सगळे मोकळा परवाना म्हणायचे. बदल्यात कंपनीनं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं आमच्याच हातानं झालं.

बसलिंगप्पांच्या घरात एक रीत आहे. घरात नवं काही आलं, मग तो कुकर असो की शिवणयंत्र, आधी त्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि ज्यानं दिलं त्याचं नाव घ्यायचं. सुतार नागप्पानं मला तासून, बिजागऱ्या ठोकून उभा केला तेव्हा बसलिंगप्पांनी विभूती लावली आणि विचारलं, हा खेळ कुणी दिला? रुद्रेशनं कंपनीचं नाव सांगितलं, मोकळ्या परवान्याचंही सांगितलं. म्हातारा खूश झाला.

“ज्यानं मोकळ्या हातानं दिलं त्याची खूण कपाळावर पायजे, माय,” ते जगदेवीला म्हणाले. “न्हाईतर आपुन खाल्लेलं इसरणारी मान्सं.”

कंपनीची खूण म्हणजे अर्धवट उघडा दरवाजा. नागप्पानं सळई लालभडक तापवली आणि मधल्या फळीच्या माथ्यावर तो दरवाजा डागला. धूर निघाला. मी ओरडलो असतो, पण लाकडाला तोंड कुठलं? सगळ्यांना ते लई आवडलं. पुढं जगदेवीनं आपली गोष्ट पुस्तकात छापली तेव्हाही तोच दरवाजा सगळ्यात वर आला आणि तिचं नाव त्याच्या खाली, बारीक अक्षरात. कुणी सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती गोष्ट घुमरी नावाच्या गावाची. हे गाव तुम्हाला नकाशात सापडणार नाही, ते जगदेवीनं माझ्यामागं बसून वसवलं. घुमरीत एक कोरडा आड आहे. त्यात वाकून कुणी एखाद्याचं नाव घेतलं की आड ते गिळतो. मग त्या माणसाला आपलं नाव आठवत नाही, घरच्यांनाही आठवत नाही. चुलीपुढं बसलेल्या लेकराला आई विचारते, कोण रे तू? आडाशेजारी एक म्हातारी वाळलेली अंबाडी विकत बसते आणि गेलेल्या प्रत्येक माणसासाठी पदराला एक गाठ मारते. ही म्हातारी जगदेवीनं आमच्या दुकानात धान्य पाखडणाऱ्या चांगुणावरून घेतली होती. चांगुणा विसरायचं नाही ते सगळं पदराला गाठ मारून ठेवते.

काय दिवस होते ते! रविवारी दुकानावरच्या खोलीत मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा व्हायचा, मग मला उघडून मधे ठेवायचे. रुद्रेश चोर व्हायचा. बुद्धप्रिया म्हणून एक परिचारिका यायची, ती वैदू व्हायची. जगदेवी आवाज खाली आणून “आडातून कुणीतरी हाक मारायलंय” म्हणाली की दवाखान्यात रोज रक्त बघणारी बुद्धप्रियासुद्धा पाय वर घेऊन बसायची. मी मात्र जगदेवीचा चेहरा बघायचो. लोक घाबरले की ती खालमानेनं हसायची.

या गोष्टीचा उतारा, म्हणजे गिळलेलं नाव परत कसं आणायचं ते, तिनं पुस्तकात छापलं नव्हतं. कुठं लिहूनही ठेवलं नव्हतं. छापलं की खेळणारे आधीच वाचतात आणि मजा जाते, असं तिचं म्हणणं. खेळणारे अगदी हताश झाले की ती तो तोंडी सांगायची. आमच्या खोलीतल्यांना तो ठाऊक होता, आणि मला.

घुमरी लातुरात खेळली जाऊ लागली, मग नांदेडला, मग पार धर्माबादेपर्यंत. नांदेडला खेळणाऱ्यांचा मेळावा भरला तेव्हा माझे फोटो काढायला लोक वाकत होते. तिथं कंपनीचा एक माणूस आला होता. गोड बोलणारा. त्यानं माझ्या कपाळावरच्या दरवाजावर बोटानं टकटक केलं, जणू आत कुणी आहे का ते बघत होता, आणि जगदेवीला म्हणाला की तुमचं सगळं लिखाण आम्हाला पाठवा, कंपनीला आनंद होईल. तिनं टिपणांसकट सगळं पाठवलं. त्या टकटकीनं माझ्या अंगावर शहारा आला होता. लाकडाला शहारे येत नाहीत म्हणून कुणाला कळलं नाही.

मग एका रविवारी रुद्रेश फोन बघत जिना चढला आणि चप्पल न काढताच आत आला. कंपनीनं परवाना बदलला होता. आता आमच्या नियमांवर काही रचायचं तर आधी आमची परवानगी घ्या, आणि ज्या ज्या गोष्टीवर आमचा दरवाजा आहे ती आमच्यासाठीच रचली असं समजलं जाईल. बुद्धप्रियानं ते दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. जगदेवी माझ्या कपाळाकडं बघत होती.

खेळणारे मात्र पेटून उठले. जिकडंतिकडं लोकांनी कंपनीच्या नव्या गोष्टींसाठी भरायची वर्गणी बंद केली. लातूरच्या पोरापोरींनी आपल्या पुस्तकांवरच्या दरवाजावर काळी पट्टी चिकटवली आणि तसे फोटो जगभर पाठवले. नांदेडच्या मंडळींनी विकत घेतलेले खेळाचे खोके बांधून कंपनीला परत धाडले. मोकळं दिलेलं परत मागणं म्हणजे वाढलेलं ताट ओढून घेणं, असं जो तो म्हणत होता. रुद्रेश तर झोप विसरून लिहीत सुटला. आणि कंपनी नमली! आमची चूक झाली, नवा नियम मागं घेतो, असं तिनं जाहीर केलं. त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. चांगुणानं तर काय जिंकलं ते न विचारताच दोन खाल्ले.

जगदेवीनं पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. कंपनीच्या माफीतलं शेवटचं वाक्य ती वाचत होती. खुणेसह आमच्याकडं आधीच आलेल्या गोष्टी आमच्याच राहतील, असं ते वाक्य होतं. रुद्रेश म्हणाला, अक्का, एवढ्या लोकांच्या पुढं ते असं करायला धजणार नाहीत. तिनं मान हलवली. पण मला तिचे हात दिसत होते, आणि पेढ्याचा चुरा होत होता.

लोकांचा राग पावसाळी नाल्यासारखा असतो, मित्रांनो. येतो तेव्हा पूल नेतो, पण चार दिवसांनी त्यात म्हैसही बसत नाही. काळ्या पट्ट्या निघाल्या, वर्गण्या पुन्हा सुरू झाल्या. आणि मग कंपनीचा तो नवा खोका आला.

चकचकीत, रंगीत, वर दरवाजा. नाव होतं ‘नावं गिळणारा आड’. घुमरीचं सोनगाव केलं होतं. बाकी आड तोच, हाका त्याच, अंबाडी विकणारी म्हातारीही तीच, फक्त तिला जरीचं लुगडं नेसवलं होतं. पदराला गाठी होत्या. जगदेवीचं नाव कुठंही नव्हतं, बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं. तिनं कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की त्यावर आमची खूण होती आणि ते तुम्ही स्वतःच पाठवलं होतं. चांगुणानं ते चित्र हातात धरून बराच वेळ बघितलं.

“ही तर मीच हाय,” ती म्हणाली. “पर मला कुनी इचारलं?”

बसलिंगप्पा गल्ल्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या मेळाव्याला जगदेवी हट्टानं नांदेडला गेली. माझी गोष्ट मी सांगणार, मला कोण अडवतं बघू, असं म्हणून तिनं मला काखेत मारलं. टेबलावर मला उघडलं, फासा काढला आणि सुरुवात केली की घुमरी गावात एक कोरडा आड आहे. समोर अर्धापूरची सुकन्या नावाची दहावीतली मुलगी बसली होती. चांगल्या घरची, नम्र. तिनं वर्गात करावा तसा हात वर केला.

“ताई, रागावू नका,” ती म्हणाली, “पण हे कंपनीचं सोनगाव हाय. तुमी नाव बदलून घेतलंय. असं करू नये म्हणतात.”

जगदेवीनं शांतपणे सांगितलं की बाळ, हे गाव मी वसवलंय. सुकन्या गोंधळली. तिनं पिशवीतून तो खोका काढला आणि त्यावरच्या दरवाजावर बोट ठेवलं. मग तेच बोट माझ्या कपाळाकडं वळलं.

“तुमच्या फळीवर बी त्यांचाच दरवाजा हाय की.”

भोवतीचे लोक माझ्याकडं बघू लागले. मित्रांनो, त्या पोरीची काही चूक नव्हती. तिनं जे दिसलं ते सांगितलं. पण त्या क्षणी मला बंबात का नाही घातलं असं मला झालं. जिच्या पाठीशी उभं राहायचं, तिच्याच विरुद्ध मी साक्ष दिली, आणि तीही मुक्यानं. जगदेवीच्या मुठीत फासा होता. तो तिनं टाकलाच नाही. तिनं मला दुमडलं, आणि उदगीर येईपर्यंत गाडीत तो मुठीतच धरून बसली.

घरी आल्यावर नागप्पाला बोलावलं. त्यानं रंधा मारला, भुसा पडला, पण दरवाजा तसाच. आणखी मारला. डाग लाकडात खोल उतरला होता. आता अजून तासलं तर फळीच चिरेल, असं म्हणून नागप्पानं रंधा खाली ठेवला. जगदेवी म्हणाली, राहू दे. तेव्हापासून बसलिंगप्पा रोज सकाळी जिन्याखाली वाकतात आणि त्या दरवाजावर विभूतीची बोटं ओढतात. दुपारपर्यंत विभूती झडते आणि दरवाजा परत दिसतो. म्हाताऱ्याचे डोळे बघवत नाहीत.

जगदेवी आता गोष्ट सांगत नाही. रविवारी येते, तपासायच्या उत्तरपत्रिका आणते. आणि मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. मागच्या आठवड्यात रुद्रेश उत्साहानं आला. दुसरी एक कंपनी निघाली आहे म्हणे, तिचा परवाना खरोखरच मोकळा, फक्त एक छोटीशी खूण वर लावायची. तो पोत्यांमागून मला ओढून माझी कडेची फळी हातानं पुसून बघत होता. ती फळी अजून कोरी आहे.

तेव्हा मित्रांनो, माझी एक विनवणी ऐका. कुठलाही खेळ खेळा, कुठलीही गोष्ट वाचा, पण हे गाव कुणी वसवलं एवढं विचारत जा. खोक्यावर कुणाची खूण आहे एवढ्यावर समाधान मानू नका. कपाळ माझं होतं, दरवाजा त्यांचा होता, पण गाव कुणाचं होतं ते कुणी विचारलंच नाही.

आणि जाताजाता तुम्हाला एक सांगून ठेवतो. कंपनीच्या खोक्यात घुमरीचा उतारा नाही. असणार कसा? तो लिहिलेलाच नव्हता. त्यांच्या सोनगावात जे नाव आडात गेलं ते गेलंच, तिथली लेकरं कायमची बिननावाची फिरतात. पण घुमरीत तसं नव्हतं. घुमरीत उतारा एकच होता. ज्यांना ते नाव ठाऊक आहे, अशा पुष्कळ लोकांनी आडाच्या काठावर जमायचं आणि ते एकदम, मोठ्यानं, वरून हाकारायचं. एकट्यादुकट्याच्या हाकेला आड दाद देत नाही.

इथून मी किती ओरडणार? पण तुम्ही पुष्कळ आहात, आणि आता तुम्हाला नाव ठाऊक आहे. जगदेवी.