तपासणाऱ्याची सही

“पिन किसीको बताया होगा, मॅडम. याद कीजिए,” बँकेतले भल्लासाहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

“किसीको नाही बताया.”

चंदीगडमध्ये एकवीस वर्षं काढूनही घाई झाली, की सरोजच्या हिंदीत मराठी शिरायचं. तिनं पासबुक पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. गेल्या मंगळवारी, १२ ऑक्टोबरला दुपारी बारा वाजून बावीस मिनिटांनी सेक्टर पस्तीसच्या एटीएम मशीनमधून कोणीतरी तिच्या खात्यातले पंचवीस हजार काढले होते. कार्ड मात्र तिच्या पर्समध्येच होतं. आताही होतं. मुलीच्या, अपेक्षाच्या, कॉलेजचा दुसरा हप्ता भरायला शनिवारी ती पैसे काढायला गेली, तेव्हा तिला हे कळलं. हप्त्याची शेवटची तारीख होती येता गुरुवार.

“मशीनको पिन मिला, उसने पैसा दिया. मशीन झूठ नहीं बोलती,” भल्ला म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, “घर में बेटी है ना? कॉलेज की उमर... बच्चे देख लेते हैं.”

सरोजनं टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर पाहिलं. उत्तर द्यायच्या आधी आकडा पुन्हा एकदा वाचून घ्यायची तिची सवय होती. ट्रस्टच्या रुग्णालयातल्या रक्तपेढीत अठरा वर्षं हेच काम केलं होतं.

“बेटी नहीं,” ती म्हणाली. “कॅमेरा देखो ना.”

“टेप पर दूसरी रिकॉर्डिंग चढ़ गई. तीन दिन में कम्प्लेंट आती, तो कुछ होता.” त्यांनी तिचा अर्ज उचलला. “आपने लिखा है, कार्ड पूरा दिन आपके पास था. तो ये साबित कीजिए, कि उस टाइम आप कहीं और थीं. मैं केस ऊपर भेज दूँगा. पक्का.”

ती कुठे होती, ते तिला मिनिटामिनिटानं आठवत होतं. ती रेल्वे स्टेशनवर होती. मीनाक्षीच्या नवऱ्याची, विंग कमांडर साहेबांची, बदली झाली होती. अकरा वर्षं एकमेकींच्या घरचे गणपती, बाळंतपणं, आजारपणं केलेली मीनाक्षी त्या दुपारच्या गाडीनं कायमची जात होती. इथल्या मराठी माणसांचं असंच. कोणीतरी येतं, पोळ्या लाटायला जोडीदार मिळतो, आणि मग एक दिवस स्टेशनवर चिवड्याचा डबा खिडकीतून आत द्यायचा.

सरोजनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. त्यावर तारीख होती, वेळही होती : ११.५२.

भल्लांनी ते उलटून पाहिलं. “इस पर आपका नाम कहाँ है?”

“सहेली को फोन करो. वो बोलेगी.”

“सहेली तो बोलेगी ही, जी. ऑफिस का कागज़ लाइए. ड्यूटी का.”

*

रक्तपेढीत हरविंदर तिची वाटच बघत होती. हरविंदर कौर तिच्या हाताखालची टेक्निशियन. सहा वर्षांपूर्वी नळीत रक्ताच्या गुठळ्या कशा ओळखायच्या, ते सरोजनंच तिला शिकवलेलं.

“ड्यूटी का कागज़? बस?” ती जवळजवळ ओरडलीच. “मैडम, आप भी ना! रब्ब ने घर बैठे भेज दिया.”

तिनं मोठं रजिस्टर ओढून पान उघडलं. रक्ताची पिशवी रुग्णाला द्यायच्या आधी दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून बघायचं आणि दोघा कर्मचाऱ्यांनी सही करायची, असा नियम. एक रकाना ‘केले’, दुसरा ‘तपासले’. १२ ऑक्टोबर, १२.२०, बाळंतिणीच्या वॉर्डातून तातडीची मागणी. ‘केले’मध्ये हरविंदरची सही. ‘तपासले’मध्ये सरोजची.

“देखो! बारा-बीस पे आप यहाँ थीं. सरकारी मोहर से भी पक्का.”

सरोज पानाकडे बघत राहिली. त्या दिवशी संध्याकाळी पाचला हरविंदरनं रजिस्टर पुढे केलं होतं. “मैडम, एक साइन रह गया,” म्हणाली होती. सरोजच्या डोळ्यांपुढे तेव्हा अजून गाडीची ती खिडकी होती. तिनं सही ठोकली. नळी पाहिली नव्हती, पिशवीचा नंबर पाहिला नव्हता. आणि हीच सरोज दर वर्षी नव्या मुलांना सांगायची : न पाहिलेल्यावर सही म्हणजे चोरी. चुकलं तर पांढरी शाई लावायची नाही, गिरवायचं नाही. एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. मग सही, तारीख, वेळ.

“मी नव्हते ना गं इथे,” ती मराठीतच पुटपुटली.

हरविंदरला मराठी कळत नव्हतं, पण चेहरा कळला. “तो? पैसे आपने निकाले?”

“नहीं.”

“बात ख़त्म. सुपरिटेंडेंट साहब से मैं चिट्ठी बनवाती हूँ.”

ती गेल्यावर सरोजनं फ्रिज उघडला. दिलेल्या प्रत्येक पिशवीचा नमुना सात दिवस ठेवत. आज सहावा होता. तिनं त्या बाळंतिणीच्या रक्ताची नळी शोधली, पिशवीच्या नळीचा तुकडा शोधला, आणि सगळी चाचणी पहिल्यापासून केली. नळ्या गरगर फिरवणारा सेंट्रिफ्यूज थांबला. तिनं नळी उजेडात धरून हलकेच हलवली. तळाच्या पेशी धुरासारख्या एकसारख्या पसरल्या. एकही गुठळी नाही; रक्त जुळत होतं. मग वॉर्डात फोन केला. बाळंतीण चार दिवसांपूर्वीच घरी गेली होती, पायांनी चालत.

हरविंदरचं काम चोख होतं. म्हणजे रजिस्टरात लिहिलेला निकाल खरा होता. पैसे तिनं काढले नव्हते, तेही खरंच. या दोन खऱ्यांच्या मधोमध तिची सही बसली होती.

*

चंदीगडजवळ खरडमधल्या फ्लॅटमध्ये सरोजच्या नवऱ्यानं, गुरुनाथनी, चिठ्ठी दोनदा वाचली. हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले, कागद पुरा वाचल्याशिवाय बोलायचे नाहीत.

“झालं की मग काम. उद्या दे नेऊन.”

“अहो, पण मी नव्हते तिथं.”

“मशीनपाशी होतीस?”

“नाही.”

“मग? पैसे आपले. चोरी आपल्याकडं झालीय. खोट्या कागदानं खरं सिद्ध होत असंल तर कुणाचं काय बिघडलं? ते बँकवाले बघ, टेप पुसून बसलेत. त्यांना लाज हाय का?”

“त्यांची लाज मी काय तपासू.”

“मग हप्ता कुठनं भरायचा? साताऱ्याची ठेव मोडायची?” साताऱ्याची ठेव म्हणजे परत जायचे पैसे. दोन खोल्यांपुरते साठत आले होते.

आतल्या खोलीच्या दारात अपेक्षा उभी होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. “आई, बँकवाले को लगता है ना कि मैंने निकाले?”

गुरुनाथनी चिठ्ठीची घडी घातली.

“हरविंदर आंटी का फोन आया था. उन्होंने बताया. यार, आई, दे दो ना वो लेटर.”

सरोजनं भाजी ढवळली. ती तळाला लागली होती. “जेवायला बसा,” ती म्हणाली. त्या रात्री तिच्या ताटातली पोळी तशीच राहिली.

*

भल्लांनी चिठ्ठी वाचली, रजिस्टरच्या झेरॉक्सवरचा शिक्का पाहिला, आणि पहिल्यांदाच चहा मागवला.

“ये हुई ना बात! पहले क्यों नहीं दिया? पैसा मिल जाएगा, जी. बस, यहाँ अपने हाथ से लिख दीजिए कि बारा-बाईस पर आप हॉस्पिटल में हाज़िर थीं. नीचे साइन.”

फॉर्मवर तीन ओळींची जागा होती. सरोजनं पेन काढलं. एका ओळीचं काम. गुरुवारचा हप्ता, साताऱ्याच्या दोन खोल्या, पोरीवरचा संशय, सगळं त्या ओळीला बांधलेलं. तिनं पेनाचं टोक कागदाला टेकवलं. शाईचा ठिपका उमटला आणि वाढायला लागला.

समोर तिची झेरॉक्समधली सही होती. सुरेख, वळणदार. न पाहता केलेली.

“मॅडम?”

तिनं लिहिलं. सावकाश, हिंदीत, अक्षर सुटं ठेवून. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं आणि मगच सही केली.

भल्लांनी कागद फिरवून घेतला. त्यांच्या भुवया जवळ आल्या. “‘मैं रेलवे स्टेशन पर थी. रजिस्टर में मेरा साइन बाद का है.’ ये क्या लिख दिया? ये तो आपके ही ख़िलाफ़ जाता है!”

“हाँ.”

“इस पर पैसा नहीं मिलेगा.”

“पैसा मैंने नहीं निकाला. बेटी ने भी नहीं. वो भी लिखा है, तिसरी ओळ... तीसरी लाइन में.” तिनं रुग्णालयाची चिठ्ठी उचलून पर्समध्ये ठेवली. प्लॅटफॉर्म तिकीट तेवढं टाचणी लावून फॉर्मला जोडलं. “ये रहने दो.”

चहा आला तेव्हा ती दारापर्यंत पोचली होती.

*

“मेमो आएगा,” हरविंदर म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. “इंक्रीमेंट रोकेंगे. मेरा काम ग़लत था क्या?”

“तेरा काम एकदम सही था. मैंने खुद दोबारा करके देखा. साहब को वो भी लिख के दिया है.” सरोजनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मेरा साइन ग़लत था.”

हरविंदरनं खांदा सोडवून घेतला नाही. नाक पुसत ती नळ्या धुवायला गेली.

सरोजनं खिडकीजवळच्या टेबलावर रजिस्टर उघडलं. १२ ऑक्टोबर. लाल पेन, पट्टी. ‘तपासले’च्या रकान्यातल्या आपल्या नावावर तिनं एकच रेघ ओढली. खालचं नाव नीट वाचता येत होतं. शेजारी लिहिलं : प्रत्यक्ष पाहिले नाही. खाली सही केली, तारीख घातली.

वेळ राहिली होती. तिनं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, आणि होती तीच लिहिली.