प्रश्न काय होता?

आपली बायको व्हर्ला गेल्याचं हार्लनला कळलं ते मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, शेजारच्या लाइलच्या मका कापणीच्या यंत्राखाली तो पाठीवर पडलेला असताना. फोन वाजला तेव्हा त्याच्या एका हातात पाना होता आणि दुसरा हात ग्रीसने माखलेला होता. लाइलनेच त्याच्या खिशातून फोन काढला आणि वाकून त्याच्या कानाला लावून धरला. शहरातल्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण बोलत होती. ऑपरेशन चांगलं झालं होतं, चार दिवस सगळं ठीक होतं, आज सकाळी नाश्तासुद्धा केला, आणि मग हृदय थांबलं. हार्लन "बरं" म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा "बरं" म्हणाला. मग त्याने राहिलेले दोन बोल्ट आवळले, कारण ते तसेच सोडता येत नव्हते, आणि मगच तो बाहेर सरकला.

रविवारी त्याला घरी पाठवलं होतं ते व्हर्लानेच. "कापणी सुरू झालीय," ती म्हणाली होती. "लोकांची यंत्रं बंद पडतील. तू इथे खुर्चीत बसून माझं तोंड बघून काय करणार? आणि येत्या नाही, पुढच्या गुरुवारी डिबेट आहे, त्याची तयारी कोण करणार?"

"तू आल्यावर करू."

"हार्लन, एक सांगते. यंदा एकदा तरी प्रश्न ऐकून दाणा टाक. चाळीस वर्षं तू टीव्ही लागायच्या आधीच मनात टाकून मोकळा होतोस."

"आधी घरी चल," तो हसून म्हणाला होता. "मग बघू."

एवढंच बोलून तो निघाला होता. वचन वगैरे काही दिलं नव्हतं. पण मंगळवारनंतर ते "मग बघू" त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

व्हर्लाने गावच्या शाळेत पाचवीच्या वर्गाला चौतीस वर्षं शिकवलं. आयोवातल्या त्या गावात चाळिशीच्या आतबाहेरचं जे कुणी होतं, ते तिच्या हाताखालून गेलेलं. सगळे तिला मिसेस टी म्हणत. डिबेटची रात्र तिनेच सुरू केली. अध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीवर समोरासमोर आले की गाव अग्निशमन केंद्रात जमायचं. बंब आणि रुग्णवाहिका बाहेर अंगणात काढायची, आत घडीच्या खुर्च्या मांडायच्या, मोठा टीव्ही लावायचा. खायला चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल. आणि दोन पक्षांच्या रंगांच्या दोन बरण्या, एक लाल झाकणाची आणि एक निळ्या झाकणाची.

प्रत्येकाला मक्याचे बारा दाणे मिळायचे. एका प्रश्नाची दोन्ही उत्तरं झाली की व्हर्ला टेबलावरची घंटा वाजवायची आणि विचारायची, "प्रश्न काय होता?" लोकांनी प्रश्न सांगायचा. मग ती विचारायची, "उत्तर कुणी दिलं?" मग बरण्या रांगेतून फिरायच्या, चर्चमध्ये दानाची ताटली फिरते तशा. दाणा टाकायचा तो आपल्या माणसाला नव्हे, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ज्याने दिलं त्याला. मत कुणाला द्यायचं ते नोव्हेंबरात ज्याचं त्याने बघावं. दाण्यांचा आणि मताचा संबंध नाही, असा तिचा नियम.

नियम बहुतेक लोक पाळायचे. हार्लन पाळायचा नाही. त्याचे बाराही दाणे लाल बरणीत जायचे, दर वेळी. लाइल तर त्याच्या वाटणीची बरणी उघडून तयारच ठेवायचा. गावात हा विनोदच झाला होता.

शनिवारी दफनविधी झाला. रविवारी डोरीन आली. ही चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, व्हर्लाची मैत्रीण, गावातली सर्वांत ठाम निळी. तिने फ्रीजर उघडून बघितलं. आत लोकांनी आणून दिलेली अकरा भांडी होती, सगळ्यांत बटाटे आणि चीज.

"हे तू ख्रिसमसपर्यंत खाणार का?"

"ईस्टरपर्यंत."

"गुरुवारचं काय करायचं? लोक विचारतायत. नको म्हणालास तर कुणी काही बोलणार नाही."

हार्लनने फ्रीजरचं दार लावलं. "चिली तू कर," तो म्हणाला. "दाण्यांचं मी बघतो."

दाणे दर वेळी व्हर्लाच्या परसातले असत. घरामागे तिची जुन्या पिवळ्या मक्याची एकच ओळ असे. आजारी पडायच्या आठवडाभर आधी तिने कणसं तोडली होती, सालं मागे वळवून त्यांच्या वेण्या घातल्या होत्या आणि पोर्चमध्ये खिळ्यांना अडकवून ठेवल्या होत्या. चार वेण्या. हार्लन बुधवारी संध्याकाळी तिथे टोपली घेऊन उभा राहिला. एका कणसाला हात लावला आणि हात मागे घेतला. मग तो गाडी काढून लाइलच्या गोठ्याकडे गेला, कोपऱ्यात एक अर्धी पिशवी उघडी पडलेली होती, तिच्यातून बादलीभर दाणे घेऊन आला. अंधार पडला होता. त्याने नीट पाहिलंही नाही.

गुरुवारी सात वाजता केंद्र भरलं. डोरीनने बादलीत हात घातला आणि ओरडली.

"हार्लन! हे गुलाबी काय आहे?"

सगळे बघायला आले. दाणे खरंच गुलाबी होते, लग्नातल्या केकसारखे.

"अरे देवा," लाइल म्हणाला. "हे तर माझं पेरणीचं बियाणं. औषध लावलेलं."

"म्हणजे विष!" डोरीन म्हणाली. "साठ माणसं हे हाताळणार आणि त्याच हाताने रोल खाणार?"

"दाणे बरणीत टाकायचेत, तोंडात नाही."

"लाइल, तुला मी तीस वर्षं जेवताना बघतेय. तुझा भरवसा नाही."

हार्लन खाली मान घालून उभा होता. आयुष्यभर मक्यात काढलेल्या माणसाने ही चूक करावी! तो म्हणणार होता की राहू द्या, नुसता टीव्ही बघू. तेवढ्यात लाइल, जो अग्निशमन दलाचा प्रमुखही होता, बाहेर गेला आणि रुग्णवाहिकेतून हातमोज्यांचे दोन खोके घेऊन आला. जांभळे, रबरी.

"घ्या. अध्यक्ष निवडायचाय, ऑपरेशनच समजा."

असं झालं, की त्या रात्री साठ माणसं जांभळे हातमोजे घालून डिबेट बघायला बसली. एकमेकांकडे बघून हसत होती. नऊ दिवसांत पहिल्यांदा हार्लनच्या कानावर एवढं हसू पडलं. ते त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

आठ वाजता सुरू झालं. एकीकडे सिनेटर लॉफक्विस्ट, लाल. दुसरीकडे गव्हर्नर टिलरीबाई, निळी. घंटा हार्लनच्या पुढ्यात ठेवली होती. दुसरं कुणी ती घ्यायला तयार नव्हतं.

पहिला प्रश्न पेट्रोलमध्ये मिसळायच्या मक्याच्या इंधनाचा. इथल्या निम्म्या लोकांचं पोट त्यावर. टिलरीबाई आपल्या आजीबद्दल बोलल्या. आजी फार कष्टाळू होती.

"आजी टाकीत घालायची का?" मागून कुणीतरी ओरडलं.

लॉफक्विस्टने सरळ सांगितलं की प्रमाण वाढवणार, किती वाढवणार आणि कधीपासून. लाल लोकांनी पाय आपटले. हार्लनने घंटा वाजवली.

पाय थांबले. ते शब्द त्याने चाळीस वर्षं ऐकले होते, उच्चारले कधीच नव्हते.

"प्रश्न काय होता?"

"इंधनाचं प्रमाण!" साठ जण वर्गातल्यासारखे एका सुरात म्हणाले.

"उत्तर कुणी दिलं?"

बरण्या फिरल्या. डोरीनने डोळे मिटले, "परमेश्वरा, मला माफ कर" म्हटलं आणि दाणा लाल बरणीत टाकला. लाल बाजूने शिट्ट्या वाजल्या.

"डोरीन आमची झाली!"

"मी मिसेस टीची आहे," ती म्हणाली. "तुम्हीही होता म्हणे कधीतरी."

मग रंग चढला. करांच्या प्रश्नाला दोघांनीही उत्तर दिलं नाही, तेव्हा लोकांनी दाणा न टाकताच बरण्या पुढे सरकवल्या आणि टीव्हीला शाळेतल्यासारखं "बसा खाली!" म्हणून ओरडले. शाळांच्या प्रश्नावर टिलरीबाईंनी लॉफक्विस्टला असं पकडलं, की निळ्यांपैकी एकाने रोल हवेत उडवला आणि तो पंख्याला जाऊन लागला. लॉफक्विस्टने सैनिकांच्या पेन्शनवर उलट तिला गाठलं. लाइल खुर्चीवर उभा राहिला. "बघ! बघ! घाम बघ तिचा!"

"दिव्यांचा आहे तो!"

"दिवे त्याच्यावरही आहेत!"

हार्लन घंटा वाजवत होता, प्रश्न विचारत होता, आणि त्याचे दाणे लाल बरणीत जात होते. लाइल न बघताच झाकण उघडून त्याच्यापुढे धरायचा. आठ प्रश्न झाले. पेन्शनचा दाणा तर खरोखरच लालचा होता. बाकीच्यांचं त्याला नक्की सांगता आलं नसतं. ऐकायचं ठरवून तो आला होता, पण ऐकता ऐकता हात आपोआप जायचा.

नववा प्रश्न एका बाईने प्रेक्षकांतून विचारला. तिच्या गावचं हॉस्पिटल बंद झालंय. छातीत दुखलं तर रुग्णवाहिकेला पन्नास मिनिटं लागतात. तुम्ही काय करणार?

काही डोकी दाराकडे वळली. बाहेर अंगणात तीच गाडी उभी होती. व्हर्लाला तिच्यातून नेलं तेव्हा पंचावन्न मिनिटं लागली होती. लाइलच चालवत होता.

लॉफक्विस्ट बोलू लागला. तो त्या बाईचं नाव घेऊन बोलला, आवाज मऊ करून बोलला. म्हणाला, लहान गावं हा या देशाचा कणा आहे. मग सरहद्दीवर गेला. मग पेट्रोलवर आला. हार्लन पुढे वाकून बसला होता. आता सांगेल, आता सांगेल, असं त्याला वाटत होतं. वेळ संपल्याचा दिवा लागला.

मग टिलरीबाईंची पाळी आली. "मी गव्हर्नर असताना माझ्या राज्यात अशी दोन हॉस्पिटलं बंद झाली," त्या म्हणाल्या. "कागदावर सही माझी आहे. ती चूक होती. निवडून आले तर पहिल्या अंदाजपत्रकात अशा जागी रात्रंदिवस चालणाऱ्या तातडीच्या खोल्यांसाठी पैसे ठेवीन. सगळी हॉस्पिटलं परत उघडता येणार नाहीत. उघडीन असं सांगितलं तर ते खोटं होईल."

कुणी टाळी वाजवली नाही. घंटा वाजायला हवी होती. सगळे हार्लनकडे बघत होते.

त्याने वाजवली. "प्रश्न काय होता?"

"पन्नास मिनिटं," लोक म्हणाले, हळू आवाजात.

"उत्तर कुणी दिलं?"

लाइलने सवयीने लाल बरणी उघडून पुढे केली. हार्लनच्या चिमटीत दाणा होता. त्याला टिलरीबाईचा राग आला होता. सही तिची होती, ती स्वतः कबूल करत होती. आणि आपल्या माणसाचाही राग आला होता, कारण तो इतकं सोपं होतं तेही बोलला नव्हता. आणि सगळ्यांत जास्त राग स्वतःचा, की दोन बोल्टांसाठी आपण खाली पडून राहिलो.

"हार्लन," लाइल म्हणाला, "बरणी धरून हात दुखला."

हार्लनने त्याच्या हातावरून हात नेला आणि दाणा पलीकडे डोरीनच्या निळ्या बरणीत टाकला. काचेवर टक् असा आवाज झाला. तो साऱ्यांनी ऐकला.

मग लाइल किंचाळला, "अरे कुणीतरी याची नाडी बघा! गाडी बाहेर उभीच आहे!"

आणि केंद्र कोसळायचंच बाकी राहिलं. खुर्च्या पडल्या. निळे नाचत होते, लाल डोक्याला हात लावून हसत होते, जांभळे हात हवेत हलत होते. कुणीतरी बंबाचा भोंगा वाजवला. डोरीनने बरणी छातीशी धरली होती आणि ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. "चाळीस वर्षं!" ती म्हणत होती. "अरे मेल्या, चाळीस वर्षं!"

हार्लनही हसला. पोट दुखेपर्यंत हसला. हसता हसता त्याने टीव्हीशेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून बघितलं, कारण व्हर्ला नेहमी तिथे उभी असायची, आणि मग पुन्हा समोर बघू लागला.

तेवढ्यात दहाव्या प्रश्नाची उत्तरंही झाली होती. त्याने घंटा वाजवली.

"प्रश्न काय होता?"

कुणालाच माहीत नव्हतं. कुणी ऐकलाच नव्हता. तेव्हा लोक पुन्हा हसू लागले आणि बरण्या तशाच फिरल्या.

शेवटी मोजदाद झाली. लाल नऊ दाण्यांनी पुढे.

"तू फितूर होऊनही जिंकलो," लाइल म्हणाला. दोघे खुर्च्यांच्या घड्या करत होते. "खरं सांग, नोव्हेंबरातही तिकडेच का?"

"नोव्हेंबराला वेळ आहे."

"म्हणजे?"

"प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं. एवढंच."

लाइलने आणखी तीन खुर्च्या मिटल्या. मग टीव्हीकडे बघत म्हणाला, "त्या रात्री मी गाडी ताशी नव्वद मैलांनी हाणली होती, हार्लन."

"माहीत आहे मला."

हार्लन घरी आला. हातमोजा कुठेतरी फाटला असावा, कारण उजव्या तळव्याच्या रेषांत गुलाबी रंग उतरला होता. साबणाने दोनदा धुतला तरी पुरता गेला नाही. लोकांना उरलेले दाणे घरी नेऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळे बादलीत गोळा करून त्याने झाकून ठेवले, उद्या लाइलला परत द्यायला. मग तो पोर्चमध्ये गेला.

पुढची डिबेट तीन आठवड्यांनी आहे. तेव्हा बियाणं चालणार नाही, हे डोरीनने बजावून सांगितलंय. चार वेण्या खिळ्यांवर आहेत. त्यांचे दाणे काढायचे राहिलेत.