मंडळी म्हणजे कोण

मी पाळक आहे. दर रविवारी दोनशे माणसांपुढे हातात कागद न घेता चाळीस मिनिटं बोलतो आणि महिन्यातून एकदा चर्चच्या पत्रकात 'पाळकांचे मनोगत' लिहितो. बोलतो ते माझं मी. लिहितो ते मात्र आधी हिच्या पेन्सिलीखालून जातं. ही म्हणजे माझी पत्नी. ती सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला आहे. दिवसभर लोकांची पुस्तकं जागेवर लावते आणि संध्याकाळी माझी वाक्यं. 'इथे तीनदा "खरोखर" आलंय', 'हे कुणालाच कळणार नाही', 'हे मला कळलं, पण नको', असे शेरे मारते. मी फणकारतो आणि मुकाट्याने खोडतो.

या वर्षी मी चार विषय घेतले होते: वाचन, काम, कुटुंब आणि प्रेरणा. पहिले तीन सुखरूप पार पडले. चौथ्याने घात केला, कारण नेमकं त्याच आठवड्यात मी प्रेरणेवरचं एक जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं. तेही हिनेच आणून दिलेलं. त्याचं चौथं प्रकरण बजावत होतं की मनात आलेलं काम ताबडतोब उरकावं, कुणाला विचारत बसू नये, विचारत बसणारा माणूस मागे राहतो. मी पन्नास वर्षं मागे का राहिलो याचा मला जागच्या जागी उलगडा झाला. पुस्तक मिटलं, गेल्या महिन्याची फाइल उघडली, जुना मजकूर पुसून त्या जागी नवा टाइप केला आणि अर्ध्या तासात छापखान्याला पाठवूनही दिला.

"मनोगत झालं का हो?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालं, आणि गेलंसुद्धा," मी ऐटीत म्हणालो.

कांदा चिरण्याचा आवाज तेवढा क्षणभर थांबला.

रविवारी उपासनेच्या आधी पत्रक वाटलं गेलं. त्या दिवशी लोकांनी माझा उपदेश विलक्षण लक्ष देऊन ऐकला. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी पेंगलं नाही. सगळे आळीपाळीने माझ्याकडे आणि तिसऱ्या बाकावर बसलेल्या हिच्याकडे पाहत होते. हा सगळा प्रेरणेचा परिणाम, मी मनातल्या मनात म्हटलं. उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी पहिल्या बाकावरच्या आजी लगबगीने हिच्याकडे गेल्या. यांना सगळे आजीच म्हणतात, आणि त्या कुणालाही काहीही म्हणतात. हिचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "पोरी, तू अजिबात म्हातारी दिसत नाहीस हो." मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या कपातला चहा बशीत सांडला.

घरी आल्यावर मी पत्रक पहिल्यांदा नीट उघडलं. मजकुरावर ठळक अक्षरांत मथळा होता, 'माझे कुटुंब'. गेल्या महिन्याचा. तो पुसायचा राहिला होता. आणि त्याखाली माझे शब्द होते:

'आमची मंडळी हल्ली फार सुस्तावली आहे. पंधरा वर्षांपूर्वी देवाने तिला माझ्या हाती सोपवलं, तेव्हा ती किती उत्साही होती! आता सकाळी वेळेवर उठत नाही. मी बोलायला लागलो की जांभया देते. गाते तेही बेसूर. दिवसेंदिवस तिचं वयही दिसू लागलं आहे. शेजारच्या पाळकांची मंडळी पाहावी, कशी तरुण आणि टवटवीत! पाहिलं की हेवा वाटतो. तरीही मी तिला सोडणार नाही. ती जशी आहे तशी मला चालवून घ्यायची आहे.'

आता, चर्चच्या भाषेत मंडळी म्हणजे चर्चला येणारा सगळा समाज. एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण जुन्या वळणाचे नवरे बायकोचं नाव घ्यायला लाजतात तेव्हा तिला 'कुटुंब' म्हणतात, नाहीतर 'मंडळी' म्हणतात. मी दोन्ही शब्द एकाखाली एक छापून दिले होते. त्यात भर म्हणजे या चर्चमध्ये मी रुजू झालो आणि माझं लग्न झालं, दोन्ही पंधरा वर्षांपूर्वीच. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

हिने अबोला धरला. भांडण झालं असतं तर मी निभावलं असतं, वाद घालायची मला सवय आहे. पण तिने सगळा कारभार आमच्या तेरा वर्षांच्या कन्येमार्फत चालवला. "बाबा, आई म्हणते जेवण झाकून ठेवलंय." "बाबा, आई म्हणते ती शनिवारी सकाळच्या बसने मावशीकडे चाललीय." परत कधी येणार, असं मी विचारायला पाठवलं. कन्या स्वयंपाकघरात जाऊन आली. "आई म्हणते, परतीचं तिकीट काढलेलं नाही."

मी हादरलो. गंमत नाही, खरंच हादरलो. हिच्याशिवाय हे घर कसं वाटेल याचा विचार मी पंधरा वर्षांत एकदाही केला नव्हता.

सोमवारी मी शब्दकोश काढला आणि हिच्या पाठीला उद्देशून मोठ्याने वाचायला लागलो. "मंडळी. एक, लोकांचा समूह. दोन, ख्रिस्ती समाज." कन्येने माझ्या खांद्यावरून डोकावून तिसरा अर्थही वाचला, तोही खणखणीत आवाजात. पाठ जागची हलली नाही.

मंगळवारी शेजारच्या चर्चच्या पाळकांचा फोन आला. एरवी हा माणूस फोनवर आधी पाच मिनिटं हवामानावर बोलतो. त्या दिवशी एकदम मुद्द्यावर आला. "माझी मंडळी टवटवीत आहे, हे तुम्ही कुठे पाहिलंत?" मी म्हणालो, "अहो, गेल्या सणाला तुमच्याकडे आलो होतो तेव्हा. सगळे कसे उत्साहाने गात होते..." "सगळे?" ते म्हणाले. पलीकडे कुणीतरी बाई जोरात हसत होत्या. त्यांच्या घरी निदान एकजण खूश होती.

बुधवारी मी खुलासा लिहिला आणि आमच्या सचिवांकडे नेला. सचिव हे निवृत्त हेडक्लार्क. कागद हातात आला की चष्मा आधी पुसतात, मग वाचतात. त्यांनी मोठ्याने वाचलं: "गेल्या अंकात मंडळीबद्दल जे लिहिलं ते मंडळीबद्दल होतं, मंडळीबद्दल नव्हतं, याची मंडळीने नोंद घ्यावी." चष्मा काढला. पुन्हा पुसला.

"पाळकसाहेब, तुम्ही आता काही दिवस काहीही लिहू नका."

"पण लोकांना कळायला हवं."

"कशाला? आत्ता तुमच्यावर फक्त बाई रागावल्यात. बाकी सगळे मजेत आहेत. पत्रक पहिल्यांदाच लोकांनी घरी नेलं! खुलासा केलात तर ती सुस्त, बेसूर नि म्हातारी कोण, ते सगळ्यांना कळेल. पुढच्या महिन्यात सभा आहे, तुमची मुदत वाढवायची का नाही ते मंडळी ठरवणार आहे."

"कुठली मंडळी?" मी वैतागून विचारलं.

"हीच तर गोची आहे," ते म्हणाले.

दोन दिवस मी हिशेबी माणसासारखा विचार करत होतो, हे कबूल करतो. नोकरी गेली तर चर्चचं घर जाणार, कन्येची शाळा बदलणार. शेवटी हिच्यासाठीच गप्प बसतोय, असंही मी स्वतःला पटवून पाहिलं. पटलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी घरातून निघताना दारापाशी हिची बॅग दिसली, भरून, चेन लावून तयार. मी तसाच प्रार्थनासभेला गेलो आणि पहिलं गीत संपायच्या आत उभा राहिलो. ही तिसऱ्या बाकावर होती. राग असो, ताप असो, ती सभा चुकवत नाही.

"पत्रकात लिहिलं ते हिच्याबद्दल नव्हतं," मी म्हणालो. "तुमच्याबद्दल होतं."

मागून कुणीतरी विचारलं, "सुस्त?"

"तुम्ही."

"बेसूर?"

"तुम्हीच."

"आणि म्हातारी?" आजींनी काठी टेकत विचारलं.

"आजी, तुम्ही एकट्या नाही. सगळे मिळून, सरासरी."

सचिवांनी कपाळाला हात लावला. गायकवृंदातले दोघे उठून निघून गेले. बाकीचे एकदम बोलायला लागले. आजी सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणाल्या, "मग आठवडाभर त्या पोरीची कीव करायला लावलीस ती कशाला? आणि शेजारच्या टवटवीत मंडळीतले निम्मे आपलेच पळून गेलेले आहेत, ते का नाही लिहिलंस?" माझ्या मुदतवाढीची आशा मी तिथेच सोडली. पण मन हलकं झालं होतं. मी मर्दुमकी गाजवून आल्यासारखा घरी गेलो.

ही जेवणाच्या टेबलाशी बसली होती. सहा दिवसांनी पहिल्यांदा तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"ते चर्चबद्दल होतं, हे मला पहिल्याच ओळीत कळलं होतं," ती म्हणाली. "पंधरा वर्षं तुमचं लिखाण तपासतेय मी. एवढं कळणार नाही का?"

मी खुर्चीवर बसलोच. "मग अबोला कशासाठी?"

"वाट बघत होते. सोमवारपासून तुम्ही मला शब्दाचा अर्थ सांगताय. शब्दकोश काय काढलात, खुलासा काय लिहिलात, आज तर भर सभेत सांगितलंत. सगळीकडे एकच, 'ते हिच्याबद्दल नाही.' ही तशी नाही, असं एकदा तरी म्हणालात का?"

मी आठवून पाहिलं. शब्दकोश आठवला, फोन आठवला, खुलासा अक्षरन् अक्षर आठवला. नव्हतो म्हणालो. मला ते सुचलंच नव्हतं.

"मग आता म्हणतो," मी घसा खाकरून म्हणालो. आणि पुढे शब्दच फुटेना. कन्या दारात येऊन उभी राहिली होती, तिने माझी दया येऊन तोंड फिरवलं. शेवटी मी म्हणालो, "तू गेलीस तर मला करमणार नाही."

हिचे डोळे भरून आले, पण आवाज ग्रंथालयातला राहिला. "जाणार तर मी आहेच. ताई वाट बघतेय. दोन दिवसांनी येईन. तेवढ्यात न करमणं म्हणजे काय असतं, ते नीट बघून ठेवा."

शनिवारी सकाळी तिची बॅग मी उचलली. बसस्टॉपवर बरीच माणसं होती, त्यातली चारपाच आमच्याच चर्चची आणि माझ्यावर रागावलेली. बस आली. ही चढली, खिडकीशी बसली. मी बॅग ठेवायला आत गेलो आणि उतरताना ड्रायव्हरपाशी थांबलो. त्याने काही विचारलं नव्हतं.

"ती खिडकीतली माझी बायको," मी बसभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "ती सुस्त नाही. म्हातारी नाही. माझ्यापेक्षा हुशार आहे, आणि मला फार आवडते."

"बरं," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही उतरताय का?"

मी उतरलो. ही पदर तोंडाला लावून इतकी हसत होती, की बस वळेपर्यंत तिला हात हलवायचं सुचलं नाही.