मुकादमाच्या मोबाईलवरचा ओटीपी

बी.फार्मसीचे पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस होता आणि मी शिरूर कासारला अंगददादाच्या ऑनलाइन सेंटरात सकाळपासून ठाण मांडून बसले होते. पहिलं बीडचं कॉलेज, मग संभाजीनगरचं, मग लातूरचं. हा क्रम मी इतक्या वेळा वरखाली केला की अंगददादा वैतागला. "करिष्मा, माऊस झिजंल आता. दाब की कन्फर्म!"

दाबलं. स्क्रीनवर आलं की नोंदणी केलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.

"सांग आकडे," अंगददादा म्हणाला.

मी माझा मोबाईल पाहिला. काही नाही. मग आठवलं. नोंदणीत नंबर मुकादमाचा होता.

ज्यांच्या घरातलं कुणी ऊस तोडायला गेलेलं नाही, त्यांना हा वेडेपणा वाटेल. आमच्याकडं रेशनकार्ड असो, बँक असो, नाहीतर दवाखाना, नंबर मुकादमाचा द्यायचा. आमचे फोन रिचार्जवाचून बंद पडतात, सिम दर हंगामाला बदलतं. टोळी जमवून कारखान्यावर नेणारा मुकादम तेवढा कधीही सापडतो. सीईटीची नोंदणी करताना आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सवयीनं गहिनीनाथ मुकादमाचाच नंबर सांगितला आणि मी शहाणीनं तो टाकला. बारावीला सायन्स घेऊन एवढी अक्कल!

मुकादम आमची टोळी घेऊन दिवाळी होताच कोल्हापूरकडं गेला होता. आण्णा आणि माय त्याच्यासोबतच होते. मागं राहिलेल्यांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती आणि तिच्यात माझी जागा धरलेली होती. आमच्यात कोयता म्हणजे जोडी, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. माझ्या चुलतभावाची, बजरंगची बायको बाळंत झालेली, म्हणून तो अर्धा कोयता. फार्मसीचं जमलं नाही तर त्याची जोडीदार मी, असं घरात ठरलं होतं.

मोळ्या बांधायची मला लाज नाही. दोन हंगाम बांधल्यात. मला राग आहे तो मुकादमाच्या गोळीचा. कंबर धरो, ताप येवो, नाहीतर खोकला होवो, तो खिशातून एकच पांढरी गोळी काढतो. एकदा मी त्याच्याकडून पाकीट मागून घेतलं, आतला कागद वाचला आणि सगळ्या टोळीसमोर विचारलं, "मामा, ही पोटुशी बाईला चालती का?" तर म्हणाला, "तू काय डॉक्टर हायस का?" तेव्हाच ठरवलं. डॉक्टर नाही तर नाही, पण गोळी देणारी मी होणार, आणि देण्याआधी विचारणार.

आता त्याच माणसाला फोन लावायचा होता.

"मामा, करिष्मा बोलते, भागवतची पोरगी. तुमच्या मोबाईलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा."

फोन कट. पुन्हा लावला.

"लाज वाटती का गं?" मुकादम खेकसला. "मागल्या साली अशीच एक गोड बोलली अन् माझं खातं धुऊन नेलं. आता तू करिष्माचं नाव लावून आलीस व्हय?"

"मामा, मी खरीच करिष्मा हाय!"

"ती बी खरीच म्हनत होती!"

अंगददादानं कपाळावर हात मारला. साईट पाचला बंद होणार होती आणि साडेचार होऊन गेले होते. माझं डोकं असलं फिरलं की म्हणता सोय नाही. "कावून ओरडता वो? सगळ्या रोगाला एकच पांढरी गोळी वाटनारे तुमीच ना? पोटुशीला चालती का म्हून कुनी विचारलं व्हतं तुमाला?"

तिकडचा आवाज खाली आला.

"करिष्माच हाय," मुकादम म्हणाला. "दुसरी कोन असली तिखट बोलंल! पन ओटीपी मी तोंडी देत न्हाई. कसम खाल्ली हाय. भागवतच्या हातात फोन देतो, तो काय सांगायचं ते सांगंल."

"मग जल्दी जावा की, मामा!"

त्याच्या मोटारसायकलचा आवाज ऐकू आला. मी खुर्चीत बसूच शकेना. अंगददादानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, म्हणजे दुसरं गिऱ्हाईक नको. आधीचा ओटीपी एव्हाना मेला होता. उसाच्या फडात पोचल्याचा मुकादमाचा फोन आला, तसा दादानं दुसरा मागवला.

"करे, काय झालं गं?" आण्णांचा आवाज धापा टाकत आला.

"आण्णा, मेसेजमधे सहा आकडे हायत. वाचा लवकर, मरतेत ते!"

"कोन मरतंय?"

"आकडे, आण्णा, आकडे!"

आण्णांच्या हाताला उसाचा चिकटा, त्यामुळे स्क्रीन हलेना. मायनं पदरानं फोन पुसला. मग आण्णा एकेक आकडा वाचू लागले आणि सगळी टोळी मागून तो आकडा ओरडू लागली, ट्रक भरताना मोळ्या मोजतात तशी. चार! चाऽर! नऊ! नऊऽ! अंगददादा हसत हसत टाइप करत होता. सहावा आकडा आला, त्यानं बटण दाबलं आणि हिरव्या अक्षरात उमटलं, तुमचा अर्ज निश्चित झाला आहे.

मी एवढ्यानं ओरडले की शेजारचा चहावाला शटरखालून डोकावला.

"झालं, आण्णा! झालं!"

"लागलं का कॉलेज?"

"अजून न्हाई. आता यादी लागंल. माझे मार्क बरे हायत, पन सांगता येत न्हाई."

"बरं, बरं," म्हणत आण्णांनी फोन मुकादमाकडं दिला. त्यानं तो बंद न करताच खिशात टाकला असावा, कारण मला पुढचं सगळं ऐकू येत राहिलं.

"मग भागवत, उद्याच्या गाडीत पोरगी येती ना?" मुकादमानं विचारलं.

"न्हाई," आण्णा म्हणाले.

"कॉलेज लागलं का तिचं?"

"लागायचंय."

"आन् न्हाई लागलं तर?"

"तरी न्हाई. फुडल्या साली परत भरंल."

"येडा झालास का? बजरंग एकटा हाय. त्याच्या मोळ्या कोन बांधनार?"

मी फोन कानात घुसेल इतका दाबून धरला होता.

"मी बांधते की," माय म्हणाली. "ह्यांच्या अन् बजरंगच्या, दोघांच्या मागं मी एकटी बांधते. माझ्या पोरीची जागा दुसऱ्याला द्या."